उत्तर यायच्या आधीच लागलेला निकाल

बॅलार्ड इस्टेटमधल्या आयातदारांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका कस्टम हाउस एजंटच्या ऑफिसात मी मेल सर्व्हर सांभाळते. आमच्या धंद्यात माल समुद्रातून येतो आणि त्याची खबर मेलमधून. जहाज न्हावा शेवाला लागायच्या आधी परदेशातल्या एजंटकडून अरायव्हल नोटिस येते, बिल ऑफ लेडिंगची (बीएल, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) कॉपी येते, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट येते. त्यावरून चेकलिस्ट बनते, पार्टीची मंजुरी मिळते आणि बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर फाइल होते. ती वेळेत भरली नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये भरावे लागतात. कंटेनरचे फ्री डेज संपले की शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार, वेगळं. एक मेल जंक फोल्डरमध्ये पडून राहिली तर तिची किंमत एखाद्या छोट्या आयातदाराला रोख मोजावी लागते.

फसवणूक करणाऱ्यांनाही हे सगळं चांगलं ठाऊक आहे. 'अरायव्हल नोटिस', 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस', 'स्विफ्ट कॉपी', 'रिव्हाइज्ड बीएल' असे विषय लावून आमच्याकडे रोज खोट्या मेल येतात. सोबत एचटीएमएल फाइल असते. ती उघडली की हुबेहूब लॉगिनचं पान येतं आणि पासवर्ड मागतं. कधी नुसतंच लिहिलेलं असतं की आमचं बँक खातं बदललंय, यापुढचे पैसे इकडे पाठवा. खरी मेल आणि खोटी मेल यांचे शब्द इतके सारखे असतात की मजकुरावरून फरक करणं माणसालाही जमत नाही. आमच्याकडे फिल्टर कुठल्याही बाजूने चुकला तरी नुकसान खरं असतं. म्हणूनच स्पॅमअ‍ॅसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर जाताना आम्ही काय काय पाहिलं ते सविस्तर लिहितेय. छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणारे माझ्यासारखे बरेच जण मुंबईत आहेत, आणि आम्हाला सापडलेली गोष्ट त्यांच्याही कॉन्फिगरेशनमध्ये दडलेली असू शकते.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये स्पॅमअ‍ॅसॅसिन पहिल्यांदा खुलं केलं, आणि २००४ पासून ते अपाचे फाउंडेशनचा प्रकल्प आहे. ते पर्लमध्ये लिहिलेलं आहे. मेल आली की शेकडो नियम तिच्यावर चालतात. लागू पडलेल्या प्रत्येक नियमाचे गुण असतात, काही अधिक, काही उणे. बेरीज ५ किंवा वर गेली की मेल स्पॅम ठरते. काही नियम हेडर पाहतात, काही मजकूर, काही लिंका. काही नियम बाहेर डीएनएसवर (इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या यंत्रणेवर) जाऊन विचारतात की हा सर्व्हर अमुक यादीत आहे का. याशिवाय मेटा नावाचे नियम असतात. ते स्वतः मेल वाचत नाहीत, इतर नियमांचे निकाल घेऊन त्यांवरून ठरवतात: हा लागला आणि तो लागला नाही, तर मी लागलो. नुसते मेटासाठी बनवलेले, ज्यांचे स्वतःचे गुण मोजायचे नाहीत असे पोटनियम दोन अंडरस्कोअरने सुरू होतात.

आमची लोकल डॉट सीएफ ही स्वतःच्या नियमांची फाइल माझ्या आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांनी बारा-तेरा वर्षं जपलेली. ते आता निवृत्त होऊन डोंबिवलीला असतात. त्यांच्या प्रत्येक नियमावर तारीख असायची आणि तो का लिहिला त्याची एक ओळ. कुठल्या पार्टीच्या कुठल्या मेलमुळे नियम लिहावा लागला तेही त्यांनी नोंदवलेलं आहे. ही शिस्त नसती तर पुढचं काहीच उलगडलं नसतं.

सर्व्हर डेबियन ११ या लिनक्सच्या आवृत्तीवर होता. त्याची नियमित सुरक्षा-मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली, त्यामुळे डेबियन १२ वर जाणं भाग होतं. ११ मध्ये स्पॅमअ‍ॅसॅसिन ३.४.६ होतं, १२ मध्ये ४.० ची मालिका आली. ४.०.० डिसेंबर २०२२ मध्ये निघालं आणि ते साधं दुरुस्तीचं पाऊल नव्हतं. सोबतची अपग्रेडची फाइल मी छापून घेतली आणि चर्चगेटच्या गाडीत बसून पेन्सिलने खुणा करत वाचली. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीचं संगणकी संकेतन) मधला जगभरचा मजकूर हाताळायची पद्धत मुळापासून सुधारली होती. व्हाइटलिस्ट-ब्लॅकलिस्टला वेलकमलिस्ट-ब्लॉकलिस्ट अशी नवी नावं आली होती आणि जुनी नावंही चालत होती. नवे प्लगइन होते. आणि मधेच दोन साधी वाक्यं होती. एक: मेटा नियम आता प्राधान्याचा आकडा वापरत नाहीत, ज्या नियमांवर ते अवलंबून आहेत ते पूर्ण झाले की त्यांचं मूल्यमापन होतं. दुसरं: डीएनएससारख्या बाहेरच्या विचारणा प्राधान्य उणे १०० ला पोहोचल्यावर सुटतात, म्हणजे त्याआधीच निकाल लागला तर त्या पाठवायची गरज पडत नाही.

या दोन वाक्यांखाली मी दोनदा रेघ मारली, कारण काकांच्या फाइलमध्ये 'प्रायॉरिटी' हा शब्द जागोजाग होता.

स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये नियम कोणत्या क्रमाने चालावेत ते या आकड्याने ठरतं. आकडा लहान तो आधी, मोठा तो नंतर, काहीच लिहिलं नसेल तर शून्य. जुन्या आवृत्तीत मेटा नियमांनाही असा आकडा देता यायचा आणि त्या टप्प्यावर ते तपासले जायचे. डीएनएसची उत्तरं मात्र ५०० या टप्प्याला गोळा व्हायची. आता समजा एखाद्या मेटाला लवकरचा आकडा दिला आणि त्याच्या अटींत डीएनएसवरचा नियम आहे. प्रश्न विचारला गेलेला असायचा, उत्तर वाटेत असायचं, आणि मेटा त्याच्या आधीच निकाल देऊन मोकळा व्हायचा. न आलेलं उत्तर म्हणजे 'लागला नाही', असं तो धरून चालायचा.

आमच्या धंद्यातल्याच एका गोष्टीने हे सांगता येईल. ड्यूटी भरल्याची आणि तपासणी झाल्याची नोंद आल्याशिवाय अधिकारी आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची परवानगी, देत नाही. जुना मेटा नोंदीची वाट न पाहता घड्याळ पाहून शिक्का मारत होता. नवा मेटा सगळ्या नोंदी येईपर्यंत थांबतो.

नव्या आवृत्तीचं वागणं उघडच जास्त बरोबर आहे. तरीही ते जसंच्या तसं चालू सर्व्हरवर टाकायला मी तयार नव्हते. बरोबर झालेला नियमसुद्धा वेगळा निकाल देतो, आणि आमचे गुण जुन्या निकालांवर बेतलेले होते. नियमांचं वागणं परिस्थितीनुसार कसं फिरतं त्याचं या सॉफ्टवेअरच्या इतिहासातच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. भविष्यातली तारीख घालून येणाऱ्या स्पॅमसाठी एक नियम होता. वर्ष २०१० ते २०९९ मधलं असेल तर तारीख फार पुढची, असं त्यात धरलेलं होतं. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगभरच्या रोजच्या, साध्या मेलना तो नियम लागू लागला. नियमातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, बदललं होतं ते कॅलेंडर.

म्हणून एक वेगळी मशीन उभी केली. तिच्यावर डेबियन १२, नवं स्पॅमअ‍ॅसॅसिन आणि काकांची फाइल जशीच्या तशी ठेवली. डेबियन १२ मध्ये स्पॅमडी (पाठीमागे चालू राहून मेल तपासणारा भाग) हे वेगळं पॅकेज झालंय, ते आठवणीने वेगळं टाकावं लागतं; एरवी फिल्टर आहे असं वाटत राहतं आणि मेल न तपासता जाते. मग गेल्या काही महिन्यांच्या मेल जमवल्या. खऱ्या मेल डॉक्युमेंटेशनच्या ताईंनी स्वतः निवडून दिल्या, कारण कुठल्या एजंटची मेल खरी हे सर्व्हरपेक्षा त्यांना जास्त कळतं. स्पॅम जंक फोल्डरमधून घेतले, पण तेही एकेक डोळ्याखालून घालून. सगळ्या मेल जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर चालवल्या आणि दोन्हीकडचे एक्स-स्पॅम-स्टेटस हेडर शेजारी ठेवून पाहिले. त्या हेडरमध्ये एकूण गुण आणि लागलेल्या नियमांची नावं असतात. मी मुख्यतः नावंच पाहत होते. बेरीज सारखी आली तरी आतले नियम वेगळे असू शकतात, आणि तसं असेल तर पुढच्या मेलला बेरीजही वेगळी येणार.

बहुतेक मेलमध्ये फरक किरकोळ होता. एक नियम मात्र सगळीकडे डोळ्यात भरत होता.

काकांनी त्याचं नाव 'लोकल शिप फेक' ठेवलं होतं. विषयात शिपिंगचे ठरावीक शब्द असतील, सोबत फाइल जोडलेली असेल, आणि पाठवणारा सर्व्हर डीएनएसडब्ल्यूएल या चांगल्या सर्व्हरांच्या यादीत नसेल, तर २.८ गुण. कल्पना उत्तम होती. डीएनएसडब्ल्यूएल ही ब्लॉकलिस्टच्या उलट असते, भरवशाच्या मेल सर्व्हरांची नोंद तिथे सापडते. या मेटाला त्यांनी प्राधान्य उणे ५० दिलं होतं. जुन्या मशीनवर शिपिंगचा विषय आणि जोडलेली फाइल असलेल्या जवळपास प्रत्येक मेलला हा नियम लागलेला होता. सर्व्हर यादीत असो वा नसो, उत्तर यायच्या आतच निकाल 'यादीत नाही' असा लागून जात होता. नव्या मशीनवर तोच नियम, तीच ओळ, पण आता तो फक्त यादीत खरोखर नसलेल्या सर्व्हरांना लागत होता.

डीबग चालू करून एक मेल सावकाश तपासली तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. त्याच आउटपुटमध्ये दुसरीही एक गोष्ट सापडली. 'अमुक मेटाचा अमुक नियमावर आधार आहे, पण त्या नियमाला शून्य गुण आहेत', अशा अर्थाच्या ओळी होत्या. शून्य गुण दिले की तो नियम चालतच नाही. कधीतरी कुणाची तक्रार आली म्हणून एखादा नियम शून्यावर आणला गेला होता, आणि त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या मेटाचा एक पाय तेव्हाच काढला गेला होता. अशा नियमांना मी शून्याऐवजी ०.००१ गुण दिले. बेरजेत काही फरक पडत नाही, नियम चालतो, आणि मेटाला त्याचं उत्तर मिळतं.

मग काकांना फोन केला. त्यांच्या फाइलबद्दल त्यांच्याशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

"काका, शिप फेकला उणे पन्नास का दिलं होतं?"

"अगं, तेव्हाची मशीन आठव. सकाळी दहाला चीनची सगळी मेल एकदम यायची आणि रांग तुंबायची. खोटी लवकर ओळखली तर पुढचे नियम चालवायलाच नकोत, शॉर्टसर्किट करून मोकळं व्हायचं, असा विचार होता."

"पण त्यात डीएनएसची अट आहे ना. तिचं उत्तर तोवर आलेलं नसायचं."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणूनच खऱ्या एजंटांनाही लागायचा तो! मला वाटायचं त्यांचे सर्व्हरच यादीत नाहीत. एकेकाची तक्रार आली की त्याला व्हाइटलिस्टमध्ये घालत गेलो."

हे ऐकल्यावर मला खरी काळजी वाटली. काळजीचं मूळ नियमापेक्षा त्या व्हाइटलिस्टमध्ये होतं.

फाइलच्या शेवटी 'व्हाइटलिस्ट फ्रॉम'च्या ओळींची लांबलचक यादी आहे. वर्षानुवर्षं ज्या ज्या एजंटची मेल जंकमध्ये गेली, त्याचा पत्ता तिथे चढला. या ओळीने मेलला उणे १०० गुण मिळतात, म्हणजे बाकी काहीही असलं तरी ती आत येते. आणि ही ओळ फक्त 'फ्रॉम'मध्ये लिहिलेला पत्ता पाहते. मेल खरंच त्या एजंटच्या सर्व्हरवरून निघाली का, सही जुळते का, यातलं काहीच ती तपासत नाही. 'फ्रॉम'मध्ये कुणाचाही पत्ता कुणीही लिहू शकतं. आमच्या एजंटांची नावं गुप्त नाहीत, ती प्रत्येक बिल ऑफ लेडिंगवर असतात. बँक खातं बदलल्याची खोटी मेल त्या नावाने आली असती तर फिल्टरने तिला हात जोडून आत घेतलं असतं. एका नियमाचा निकाल चुकीच्या वेळी लागत होता, ती चूक भरून काढायला दुसरीकडे दार उघडलं गेलं, आणि ते वर्षानुवर्षं उघडं राहिलं. नव्या आवृत्तीने क्रम बदलला नसता तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून आवृत्ती बदलण्याचं काम बाजूला ठेवून आधी ही यादी घेतली. ताई माझ्या शेजारी बसल्या आणि आम्ही एकेक पत्ता वाचत गेलो. काही कंपन्या बंद झाल्या होत्या, काहींनी डोमेन बदललं होतं. ते सरळ काढले. जुना, सुटलेला डोमेन उद्या दुसऱ्याच कुणी घेतला तर उणे १०० गुण त्याला मिळणार, हे ताईंच्या लगेच लक्षात आलं. ज्यांच्या मेलवर डीकेआयएमची (डोमेनची डिजिटल) सही असते किंवा एसपीएफ (डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरांची नोंद) जुळतो, त्यांना 'वेलकमलिस्ट ऑथ'मध्ये घेतलं. तिथे पत्त्यासोबत ओळखही तपासली जाते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशा छोट्या एजंटांसाठी 'वेलकमलिस्ट फ्रॉम रिसीव्ह्ड' वापरलं, ज्यात मेल कोणत्या सर्व्हरकडून आली तेही जुळावं लागतं. त्यातल्या काहींना ताईंनी फोन केले आणि तुमच्या आयटीवाल्यांना डीकेआयएम चालू करायला सांगा, असं कळवलं. काहींनी केलंही. ज्यांची फक्त जुनी तक्रार होती आणि आता 'शिप फेक' त्यांना लागतच नव्हता, त्यांची ओळच नको होती.

आता उलटी बाजू. 'शिप फेक' सगळ्यांना लागत होता तोवर काही खरोखरच खोट्या असलेल्या मेलही त्याच्या २.८ गुणांमुळेच पाचच्या वर जात होत्या. नव्या मशीनवर त्यातल्या काही ४.१, ४.३ वर थांबल्या. त्या उघडून पाहिल्या तर बऱ्याच मेल नावाजलेल्या मेल सेवांवरच्या चोरलेल्या खात्यांतून आल्या होत्या. त्या सेवांचे सर्व्हर डीएनएसडब्ल्यूएलमध्ये असतात आणि असायलाही हवेत. यादी सर्व्हरबद्दल सांगते. खातं चोरीला गेलंय का, हे तिला कसं कळणार? म्हणजे नियम बरोबर चालू लागल्यावर त्याची मूळ मर्यादा उघडी पडली.

इथे सोपा मार्ग होता तो म्हणजे गुण २.८ वरून ४ करणं. तो मी घेतला नाही. एका मेटावर इतकं वजन टाकलं की तो चुकला तर सगळंच चुकतं. त्याऐवजी खोट्या मेलची लक्षणं सुटी केली: शिपिंगचा विषय आणि एचटीएमएल फाइल जोडलेली, 'रिप्लाय टू'चा पत्ता 'फ्रॉम'पेक्षा वेगळा आणि तोही फुकटच्या मेलसेवेचा, दाखवायचं नाव आमच्या ओळखीच्या एजंटचं पण डोमेन भलतंच, मजकुरात खातं बदलल्याची भाषा. मेटामध्ये बेरीजही करता येते. चारपैकी तीन किंवा जास्त लागले तर गुण, असा नियम लिहिला. यातलं एकही लक्षण डीएनएसवर अवलंबून नाही, त्यामुळे बाहेरचं उत्तर उशिरा आलं तरी हा निकाल अडत नाही. 'शिप फेक' ठेवला, पण १.२ वर आणला, आणि त्याची प्रायॉरिटीची ओळ काढली. नव्या आवृत्तीत तिचा उपयोग नाही, आणि नंतर फाइल वाचणाऱ्याची ती दिशाभूल करेल.

शॉर्टसर्किटचे जे नियम खरोखर हवे होते, म्हणजे सही तपासून ओळख पटलेले मोजके एजंट आणि आमचीच शाखा, त्यांत मेटाऐवजी त्याच्या खालच्या साध्या नियमांना उणे १०० च्या आधीचे आकडे दिले. याद्यांसाठीच्या डीएनएस विचारणा उणे १०० ला सुटतात. त्याआधीच 'ही मेल आपली' हे ठरलं तर त्या पाठवाव्याच लागत नाहीत. काकांना मूळ जो वेग हवा होता तो असा मिळाला.

मेटा जर उत्तराची वाट पाहणार असेल तर उत्तर देणाराही भरवशाचा हवा. आमच्या सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्रॅम) आधीपासून आहे, म्हणजे डीएनएसची विचारणा आम्ही स्वतः मुळापासून करतो. हे प्रत्येकाने तपासावं असं मी कळकळीने सांगेन. सार्वजनिक रिझॉल्व्हर लावला असेल तर या याद्या उत्तर नाकारतात, कारण तिथून सगळ्या जगाच्या विचारणा एकत्र येतात आणि फुकट वापराची मर्यादा ओलांडली जाते. मग हेडरमध्ये 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' असा नियम दिसतो. त्याचे गुण नगण्य असल्याने कुणी पाहत नाही, पण त्याचा अर्थ फिल्टरचा एक डोळा बंद आहे असाच होतो. उत्तराची वाट पाहायची कमाल मुदत मुळात १५ सेकंद आहे आणि बाकीची उत्तरं येत गेली की ती आपोआप कमी होत जाते. आम्ही ती तशीच ठेवली. स्पॅमडीच्या लॉगमध्ये प्रत्येक मेलला किती वेळ लागला ते येतं, आणि सकाळच्या गर्दीतही तो वाढलेला दिसला नाही.

मराठी मेलचं काम मात्र वेगळंच निघालं. आमच्याकडे माथाडी मंडळाची पत्रं, पतपेढीच्या सूचना आणि वाहतूकदारांची मेल मराठीत येते, आणि गेल्या काही वर्षांत मराठीतला स्पॅमही वाढलाय: झटपट कर्ज, केवायसी बंद होईल, वीज तोडली जाईल. काकांनी त्यासाठी काही नियम लिहिले होते, आणि त्यातले काही कधीच लागलेले नव्हते. जुन्या मशीनवर नाही आणि नव्यावरही नाही.

कारण असं. स्पॅमअ‍ॅसॅसिनचे मजकुराचे नियम अक्षरांवर चालत नाहीत, यूटीएफ-८ च्या बाइटवर चालतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. इंग्रजी नियमांत शब्दाची हद्द दाखवायला बॅकस्लॅश-बी लावतात. ती खूण शब्दातलं अक्षर आणि शब्दाबाहेरचं अक्षर यांच्या मधली जागा शोधते. बाइटच्या पातळीवर देवनागरीचे बाइट तिला 'शब्दातले' वाटतच नाहीत. मोकळ्या जागेनंतर आलेला 'कर्ज' तिच्या लेखी बाहेरून बाहेरच, त्यामुळे हद्द सापडत नाही आणि नियम कायम गप्प राहतो. चौकटी कंसात दोन अक्षरं देऊन 'यापैकी एक' म्हणणंही चालत नाही, कारण तिथे सुटे बाइट जुळतात. दोन पर्याय उभ्या रेघेने वेगळे करून साध्या कंसात लिहावे लागतात.

याहून नाजूक गोष्ट आपल्या 'ऱ्य'ची. 'कर्मचाऱ्यांसाठी विशेष कर्ज' ही ओळ दोन मेलमध्ये डोळ्यांना अगदी सारखी दिसते. एका ठिकाणी खालच्या टिंबाच्या 'ऱ'ला हलन्त लावून ती बनलेली असते, दुसरीकडे साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. कीबोर्डप्रमाणे हे बदलतं. बाइट पूर्ण वेगळे, त्यामुळे एकासाठी लिहिलेला नियम दुसऱ्याला ओळखत नाही. आम्ही दोन्ही रूपं प्रत्येक नियमात घातली. स्पॅम पाठवणारे मुद्दाम अदृश्य चिन्हं घुसवतात तो प्रकार निराळा. इथे साधं मराठी टाइप करणाऱ्या माणसाकडूनच हा फरक येतो. मराठीतल्या फिल्टरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायलाच हवं. भाषांच्या यादीत मराठीची नोंद स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या टेक्स्टकॅट या भाषा ओळखणाऱ्या प्लगइनमध्ये आहे. आम्ही तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीसोबत चिनीही मान्य ठेवली, कारण आमच्या एजंटांच्या मेलखालच्या सह्या चिनीत असतात.

बेज, म्हणजे नमुन्यांवरून स्पॅम ओळखायला शिकणारा भाग, त्याचं शिकणंही नव्याने केलं. हा भाग कामाला लागायला किमान २०० स्पॅम आणि २०० खऱ्या मेल शिकवाव्या लागतात. ताईंनी निवडलेल्या मेल इथेही कामी आल्या. मी खऱ्या मेलमध्ये मराठी पत्रं मुद्दाम जास्त घातली.

बदल एका रविवारी पहाटे केला. त्याआधी लिंट (नियमांची फाइल तपासणारी सोय) चालवून फाइलमध्ये चूक नाही हे पाहिलं आणि जुनी मशीन बंद न करता बाजूला तयार ठेवली. पुढचा पंधरवडा ताई रोज दुपारी जंक फोल्डर माझ्यासोबत वाचत होत्या. एका व्हिएतनामच्या एजंटची डिलिव्हरी ऑर्डरची मेल तिथे सापडली. तिचा सर्व्हर यादीत नव्हता, सही नव्हती, आणि एचटीएमएल फाइल खरंच जोडलेली होती. ताईंनी तासाभरात त्यांच्याकडून पीडीएफ मागवली आणि पुढे तशीच पाठवायला सांगितलं. बाकी खऱ्या मेल आत आल्या. एका जुन्या एजंटच्या नावाने खातं बदलल्याची मेलही आली. तिचा 'फ्रॉम' हुबेहूब होता, सही नव्हती, आणि ती ७.४ गुणांनी जंकमध्ये गेली. जुन्या यादीने तिला उणे १०० दिले असते. मी तिचं हेडर काकांना पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मेलबद्दल ते दोनच वाक्यं बोलले आणि लगेच विचारलं, "स्पॅमसी पाचशे केबीच्या वरची मेल तपासतच नाही, माहीत आहे ना? बीएलचे स्कॅन त्याहून मोठे असतात." स्पॅमसी म्हणजे स्पॅमडीकडे मेल सोपवणारा प्रोग्रॅम. त्याची ही मर्यादा मला माहीत होती, पण खोट्या मेलही तेवढ्या मोठ्या येऊ लागल्यात का, हे मोजलेलं नव्हतं. आता ते मोजतेय.